आत्याचा अंगठा आणि उपग्रह

नाशिकच्या शेती प्रदर्शनातून चिरंजीव परतले ते डोक्यावर फुकटची टोपी, हातात माहितीपत्रकांनी फुगलेल्या तीन पिशव्या आणि तोंडात एकच शब्द घेऊन : अचूकता. चिरंजीव पुण्यात संगणकावर काम करतात आणि वर्षातून चार दिवस पेठला येऊन शेतीत सुधारणा करतात. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस माझी आत्या त्या सुधारणा निस्तरते.

या खेपेची सुधारणा खत फेकण्याच्या यंत्राची होती. पत्रकावर ट्रॅक्टरच्या मागे हौदाएवढं भांडं, त्याच्या बुडाशी गरगर फिरणाऱ्या दोन चकत्या. चकत्यांवर दाणा पडला की तो असा भिरकावला जातो, की एका फेरीत छत्तीस मीटर रुंदीच्या पट्ट्यात खत पडतं. हे यंत्र चालता चालता स्वतःच्या पोटातल्या खताचं वजन करतं. शेताच्या तिरक्या कोपऱ्यावर आलं, की एकाच जागी दोनदा खत पडू नये म्हणून आपला एकेक भाग आपोआप बंद करतं. पीक कुठे गडद हिरवं आहे नि कुठे पिवळट, ते पाहून मात्रा कमी-जास्त करतं. आणि आपण शेतात नेमकं कुठे आहोत, ते वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना विचारतं.

आत्याने पत्रक हाताएवढं लांब धरून नीट पाहिलं.

"हे उभं कुठं करायचं?" तिने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण त्याला चिरंजीवांकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी पेठ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशिकहून धरमपूरच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर आलं की आमचा तालुका. वाटेत सावळघाट आहे. घाट म्हणजे आमच्याकडे काही विशेष जागा नव्हे; रस्त्याला लागतो म्हणून त्याला नाव मिळालं, एवढंच. बाकीच्या घाटांत आम्ही शेती करतो. उतारावर नागली, वरई आणि खुरासणी, सखल जागेत पायऱ्या पाडून भात. आमची जमीन दोन एकर आणि ती अकरा खाचरांत वाटलेली. सगळ्यांत मोठ्या खाचराची रुंदी बारा पावलं, सगळ्यांत लहान खाचरात बैल वळवायचा तर तो आधी शेजाऱ्याच्या बांधावर उभा करावा लागतो. तिथे छत्तीस मीटरचं यंत्र चालू केलं, तर आमच्यासकट वरच्या दोन आणि खालच्या एका मालकाचं भात, मधला ओहोळ आणि पायवाटेने जाणारा पोस्टमन या सर्वांना एका फेरीत नत्राची पूर्ण मात्रा मिळेल.

"आजी, छोटं मॉडेलपण आहे," चिरंजीव म्हणाले. "तीन लाखांपर्यंत बसतं."

मी चाळीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर खडू सुटला तरी खोड सुटलेली नाही. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. भाताला हेक्टरी शंभर किलो नत्राची शिफारस धरली, तर एकरी चाळीस किलो. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे युरिया सत्त्याऐंशी किलो, म्हणजेच 45 किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे. (खरी किंमत कितीतरी जास्त; वरचा भार सरकार उचलतं.) अचूक यंत्राने दहा टक्के खत वाचलं असं उदार मनाने मानू. एकरी 53 रुपये 30 पैसे, दोन एकरांचे 106 रुपये 60 पैसे. तीन लाख भागिले 106.60 बरोबर दोन हजार आठशे चौदा वर्षं.

"व्याज धरलेलं नाही," मी म्हणालो.

हेच यंत्र आमच्या घराण्याने नाशिकची पांडवलेणी कोरायला घेतली त्याच्या काही शतकं आधी विकत घेतलं असतं, तर हप्ते आत्ता कुठे संपत आले असते. आणि हा हिशोब शिफारशीएवढं खत टाकलं तर. आत्या भाताला एकरी एकच गोणी टाकते. म्हणजे मुदत दुप्पट.

आता यंत्रावर अन्याय नको. ज्यांनी ते बनवलं ते खुळे नाहीत. युरोपात काहींकडे हजार-हजार एकर असतात. तिथे कोपऱ्याकोपऱ्यांवर पाच टक्के जमिनीवर खत दुबार पडलं, तरी पन्नास एकरांचं खत मातीत गेलं, म्हणजे नको त्या अर्थाने. शिवाय तिथे युरिया 266 रुपयांना मिळत नाही आणि पाण्यात नायट्रेट उतरू नये म्हणून 1991 पासून कायदा आहे. तिथे अशा यंत्राचे पैसे काही वर्षांत फिटत असतील. इतक्या लांब जायलाही नको. आमच्या शेजारच्या दिंडोरीत जा. द्राक्षबागेत ठिबकच्या नळीतून खत थेंबाथेंबाने मुळाशी जातं, आणि वेलीला नेमकं काय कमी पडलं ते पाहायला पानाच्या देठाची तपासणी होते. एका खेपेचं चुकलं तर घडांचं सोनं होता होता राहतं, म्हणून तिथे अचूकतेला किंमत आहे. आमच्या गावच्या बायका छाटणीपासून तिकडे कामाला असतात. त्यातली एक एकदा आत्याला सांगत होती, "तिथं द्राक्षाच्या देठाचा रिपोर्ट येतो. इथं माझ्या रक्ताचा यायला आठवडा लागला."

थोडक्यात, मूळ चूक जेवढ्या पैशांची, दुरुस्ती तेवढ्याच पैशांची परवडते. आमच्या दोन एकरांत चूक करायची म्हटलं तरी ती शे-दीडशे रुपयांच्या वर जात नाही. मोठी चूक करायला ऐपत लागते.

चिरंजीव मात्र हटले नाहीत. यंत्र नाही तर नाही, निदान शेताचा अचूक नकाशा तरी करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोबाइलमध्ये कसलंसं ॲप चालू करून, फोन छातीशी धरून, बांधाबांधाने मोजकी पावलं टाकत फिरू लागले.

पेठ तालुक्यात, किंबहुना महाराष्ट्रात कुठेही, बांधावरून मोजकी पावलं टाकत चालणाऱ्या माणसाकडे बघून गावाला एकच गोष्ट सुचते. दहा मिनिटांत शेजारचे भाऊ हातातलं काम टाकून आले.

"गुरुजी, मोजणी आणली का?"

"नाही हो. खतासाठी चाललंय."

"खतासाठी बांधावरनं फिरायचं?"

दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर तीन घरं जमली. एकाने आजोबांच्या नावचा सातबारा आणला होता, दुसऱ्याने काहीच आणलं नव्हतं, पण तो सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. चिरंजीवांनी समजूत काढायला म्हणून फोनवरचा नकाशा सर्वांना दाखवला आणि आगीत तेल पडलं. साध्या मोबाइलला आपण कुठे उभे आहोत ते कळतं, पण चार-पाच मीटर इकडेतिकडे. आमचं लहान खाचर मुळात सहा मीटरचं. त्यामुळे नकाशात आमचं एक खाचर अख्खं गायब होतं, ओहोळ आमच्या मालकीचा झाला होता आणि भाऊंचा केसर आंबा आमच्या हद्दीत डोलत होता.

"माझा आंबा तुमच्यात कसा?" भाऊ म्हणाले.

"काका, ही एरर आहे. दोन सेंटिमीटरपर्यंत नेमकं दाखवणारी सिस्टीम वेगळी असते. तिचे पैसे वेगळे."

"म्हणजे पैसे भरले की आंबा माझा?"

शेवटी चहा झाला. आत्याने आत जाऊन नागलीच्या भाकरी टाकल्या आणि भाऊंसमक्ष चिरंजीवांकडून नकाशा पुसून घेतला. पुढे दोन वर्षं मी बांधावर नुसता उभा राहिलो, तरी भाऊ लांबून हात करत, "काय, खतासाठी का?"

सरकारनेही आमच्या अचूकतेसाठी काही कमी केलेलं नाही. 2015 च्या फेब्रुवारीत मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली. मातीच्या बारा गुणांची तपासणी. पत्रिका हा शब्द ज्याने निवडला तो मराठी माणसाला ओळखून होता. आमच्या पत्रिकेत स्फुरद कमी निघालं, तेव्हा आत्याने पहिला प्रश्न केला, "शांत करायची का?" पुढे कळलं, की जिराईत भागात मातीचा एक नमुना दहा हेक्टरांसाठी धरायचा होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर, म्हणजे आमच्या वाडीत दहा-बारा खातेदार. पैकी खड्डा कुणाच्या शेतात खणला ते आजवर कुणी सांगत नाही. एकाच्या जन्मवेळेवर अख्ख्या आळीच्या कुंडल्या मांडल्यासारखं ते झालं.

माझ्या मते या देशात खताच्या बाबतीत सर्वांत अचूक, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लबाड तंत्रज्ञान 2018 मध्ये आलं. त्याला उपग्रह लागला नाही, की बॅटरी. युरियाची गोणी पन्नास किलोची होती, ती पंचेचाळीसची केली. बस्स. शेतकरी खत किलोने मोजत नाही, गोणीने मोजतो, हे दिल्लीतल्या कुणा हुशार माणसाला ठाऊक होतं. "एकरी एक गोणी" हा हिशोब आत्याच्या सासूपासून चालत आलेला. गोणीच पाच किलोंनी हलकी केली, की एकरी एक गोणी टाकणाऱ्याच्या शेतात दहा टक्के युरिया आपोआप कमी पडतो. चिरंजीवांचं तीन लाखांचं यंत्र जे करणार होतं, ते एका शिलाईच्या टाक्याने झालं. आत्याला हे मी बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "तरीच म्हटलं, मी म्हातारी होतेय तशी गोणी हलकी कशी लागतेय."

चिरंजीवांनी मग आपला मोर्चा थेट आत्याकडे वळवला. आजीची मूठ किती अचूक आहे हे मोजायचं ठरलं. खताच्या यंत्राची परीक्षा परदेशात अशी घेतात म्हणे : शेतात ओळीने ताटल्या ठेवायच्या, यंत्र वरून न्यायचं, मग प्रत्येक ताटलीत पडलेलं खत मोजायचं. मे महिना होता, खाचरं कोरडी होती. घरातली यच्चयावत ताटं, पराती आणि लग्नात आलेले स्टीलचे डबे असं सोळा नगांचं प्रदर्शन खाचरात मांडलं. मागच्या हंगामातली उरलेली अर्धी गोणी काढली, तर पावसाळ्याची हवा लागून युरियाचा धोंडा झालेला. आत्याने दगडाने तो फोडला. यंत्राच्या चकतीवर तसं ढेकूळ गेलं असतं, तर ते लांबवर कुणाच्या कौलात अचूक शिरलं असतं.

आत्याने पदर खोचला, सूप काखेला लावलं आणि नेहमीच्या चालीने, पावलागणिक एक मूठ, खत फेकत गेली. चिरंजीवांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ताट मोजलं. वरच्या अंगाच्या ताटांत अकरा-अकरा ग्रॅम, मधल्यांत सात, खालच्या कोपऱ्यात दोन.

"आजी, हे काहीच समान नाही."

"समान कशाला टाकू? वरच्या अंगाला खाचर पाडताना माती कापली, तिथं मुरूम वर आलाय. ती माती खाली भरली. आणि पाणी वरून खाली जातं का खालून वर?"

चिरंजीव थक्क झाले. जागा पाहून मात्रा बदलणं, ज्यासाठी जर्मनीत लाखो रुपये मोजतात, ते इथे एक सहावी नापास बाई सुपातून करत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी तरळलं. पूर्वजांचं शहाणपण या विषयावर दिवाळी अंकासाठी एक लेख मनात तयार होऊ लागला होता. पण मास्तराची खोड म्हणून मी आणखी दोन प्रश्न विचारले, आणि लेख तिथेच वारला.

"त्या खालच्या कोपऱ्यात फक्त दोनच ग्रॅम का?"

"तिथं उकिरडा आहे ना. सासूबाईंनी सांगितलेलं, तिथं खत टाकायचं नाही."

उकिरडा तिथून हलवून तीस वर्षं झाली होती. आता त्या जागी दरवर्षी पिवळं पडणारं भात आहे, आणि ते पिवळं का पडतं याची आम्ही दरवर्षी चर्चा करतो. आत्याच्या डोक्यातला नकाशा उत्तम होता, फक्त सासू गेल्यापासून तो कुणी अद्ययावत केला नव्हता.

"आणि बांधाजवळच्या या परातीत एकोणीस ग्रॅम?"

याला आत्याने उत्तर दिलं नाही. ते भाऊंच्या बायकोने पलीकडून दिलं. त्या जागी आलं की दोघींच्या गप्पा सुरू होतात, आणि हातातली मूठ आत्या तिथल्या तिथे मोकळी करते. गेली कित्येक वर्षं आमच्या तालुक्यातल्या बातम्यांना सगळ्यांत जास्त नत्र मिळत आलं आहे.

यानंतर चिरंजीवांना कुठूनतरी चारसूत्री भाताचा शोध लागला, आणि या वेळी मला त्यांची चूक काढता येईना. डॉ. ना. कृ. सावंत म्हणून शास्त्रज्ञ होते. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत केंद्रात त्यांनी काम केलं आणि मग महाराष्ट्रातल्या चिखलासाठी ही पद्धत बसवली. भाताचा तूस-पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला जमिनीत घालायचा. रोपं पंधरा नि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची, म्हणजे चार चुडांचा एकेक लहान चौकोन होतो. आणि आवणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची दाबून केलेली एक गोळी, वजन 2.7 ग्रॅम, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. ब्रिकेट म्हणतात तिला. तिला खोल पुरण्यात मेख आहे. फेकलेला युरिया पाण्यात विरघळतो, थोडा हवेत उडतो आणि बराचसा आमच्या पावसाबरोबर प्रवासाला निघतो. पेठला वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात. बांधावरून ओहोळात, ओहोळातून दमणगंगेत, तिथून गुजरातच्या मधुबन धरणात आणि शेवटी दमणला समुद्रात. दमणहून आमच्याकडे काय काय येतं आणि ते कुठल्या नाक्यावर अडवतात हे सर्वांना माहीत आहे. आमच्याकडून दमणला बिनपरवाना युरिया जातो, त्याची मात्र कुठे दाद नाही. चिखलात खोल, जिथे हवा पोचत नाही, तिथे पुरलेली गोळी जागची हलत नाही आणि मुळं तिच्याकडे चालत येतात.

दोन एकरांत एकदम नको, म्हणून सात गुंठ्यांच्या एका खाचरात करून पाहायचं ठरलं. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या. सातांना चार हजार तीनशे पंचाहत्तर. चिरंजीवांनी दोराला पंधरा-पंचवीसवर रंगीत चिंध्या बांधल्या. सावडीला आलेल्या बायका त्या दोराने लावू लागल्या, आणि मागून चिरंजीव प्लास्टिकच्या बादलीतून एकेक गोळी काढून अंगठ्याने चिखलात खोचत निघाले.

पहिल्या शंभर गोळ्यांना त्यांना तीन-तीन सेकंद लागले. मी बांधावर इरलं घेऊन वेळ लावत होतो. दोनशेव्या गोळीला सात सेकंद. दोनशे सत्तराव्या गोळीला त्यांनी कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं, उपग्रहांची आठवण झाल्यासारखं. बायका खाचराच्या पार टोकाला पोचून परत फिरल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "दादा, रात्री बॅटरी आणू का?"

बांधावर बसून मी हिशोब केला. एकराला पंचवीस हजार गोळ्या. प्रत्येकी तीन सेकंद धरले, तर एकवीस तास. म्हणजे तीन बायकांचा एक दिवस, पाठ वर न करता. आणि तोही जुलैत, जेव्हा तालुक्यातली प्रत्येक बाई स्वतःच्या नाहीतर सावडीच्या आवणीत अडकलेली असते. अचूकतेचं यंत्र तीन लाखांचं असो की फुकटचं, अचूकतेची किंमत कुणाच्या तरी कमरेतून वसूल होतेच. उरलेल्या चार हजार गोळ्या अखेर चार बायकांनी आवणीच्या मागोमाग संपवल्या. चिरंजीव रात्री पालथे झोपले.

त्या वर्षी कापणीनंतर आत्याने ते खाचर आणि शेजारचं खाचर वेगळं झोडलं आणि पोती वेगळी लावली. कुणाला काही बोलली नाही. चिंध्या बांधलेला दोर मात्र तिने धुवून, गुंडाळून, माळ्यावर बियाण्याच्या कणगीत ठेवला. चिरंजीवांची आजवरची एकही सुधारणा त्या कणगीपर्यंत पोचली नव्हती.

पुढच्या जुलैत तोच दोर घेऊन वीस गुंठे करायचे ठरले. उरलेल्या खाचरांना नेहमीसारखा युरिया. तो आणायला आत्या, चिरंजीव आणि मी दुकानात गेलो. हंगामात युरिया मिळणं हीच एक अचूक वेळ साधण्याची गोष्ट. त्या दिवशी होता. दुकानदाराने अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. अनुदानाचं खत त्याशिवाय मिळत नाही.

आत्याने अंगठा ठेवला. यंत्राने टुक केलं आणि नाकारलं. पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा टुक. दुसऱ्या हाताचा झाला, मग पहिली बोटं, मग ओलं कापड, मग कुणीतरी सुचवलेलं खोबरेल. साठ वर्षं रोपं खुपसून आत्याच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरलेली नव्हती. आधार कार्डावर तिचं नाव होतं, सातबाऱ्यावर होतं, फक्त बोटावर नव्हतं. मागे रांग लागली होती.

"आजी, घरातल्या कुणाचा तरी चालेल," दुकानदार म्हणाला.

चिरंजीवांनी पुढे होऊन अंगठा ठेवला. गुळगुळीत, दिवसभर फोनवर फिरणारा, रेघान् रेघ शाबूत. यंत्राने पहिल्या फटक्यात ओळखला. पावती सर्रकन बाहेर आली : युरिया दोन गोण्या, खाली चिरंजीवांचं पूर्ण नाव.

आत्याने पावती माझ्याकडून वाचून घेतली, तिची बारीक घडी केली आणि चिरंजीवांच्या शर्टाच्या खिशात सरकवली.

"तुझ्या नावावर निघालंय ना? मग टाक आता तूच. आणि गोळ्यापण."

चिरंजीव माझ्याकडे बघू लागले. मी दुकानावरची बियाण्यांची जाहिरात वाचू लागलो. बाहेर पावसाने सावळघाट दिसेनासा केला होता, आणि आत्या दुकानदाराला विचारत होती, पोराच्या मापाचं इरलं कुठे मिळेल.